हात दाखवला होता का?

गेल्या महिन्यात जुन्या स्कूटरच्या विम्याचे नूतनीकरण करताना आम्ही पहिल्यांदाच पॉलिसीची सगळी पाने वाचली. छापील मजकूर दिसला की तो वाचल्याशिवाय राहवत नाही, असा साहित्य शिकवणाऱ्यांचा लौकिक असतो. पण विम्याचे कागद आजवर आम्हीही चारचौघांसारखे घडी घालून डिकीत ठेवत आलो होतो. या वेळी एका अटीपाशी मात्र थांबलो. अपघात झाल्यास विमेदाराने कंपनीच्या लेखी संमतीवाचून कोणतीही कबुली द्यायची नाही, काही देऊ करायचे नाही, कसले वचन द्यायचे नाही, असा त्या अटीचा आशय आहे. ही अट नवी नाही आणि एखाद्याच कंपनीची नाही. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या ठरीव मसुद्यात ती पूर्वीपासून आहे. ती वाचली आणि २५ वर्षांपूर्वी न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात घडलेल्या एका गोष्टीचा अर्थ आम्हांला लागला.

तीच गोष्ट येथे सांगायची आहे. आम्ही स्वतःविषयी लिहिताना 'आम्ही' म्हणतो, ही सवय जुन्या निबंधकारांकडून उचललेली. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मात्र 'आम्ही' म्हणता येत नाही. तेथे 'मी पाहिले' असेच म्हणावे लागते.

१९९९ साली आम्ही गोखिवऱ्याला राहत होतो. तेव्हा वसई-विरार महापालिका नव्हती, पालघर जिल्हा नव्हता. गाव ठाणे जिल्ह्यात होते. पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर, मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि मधल्या पट्ट्यात एकामागून एक उभे राहत असलेले औद्योगिक गाळे. आमचे वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू – अशाच एका गाळ्यात लेथ मशीनवर कामाला होते. घरून सायकलने निघायचे, रेंज ऑफिसच्या पुढे उजवीकडे वळायचे आणि सातच्या ठोक्याला मशीन चालू करायचे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता.

जुलैतली सकाळ होती. पाऊस नुकताच थांबला होता. आम्ही कॉलेजला जाण्यासाठी एस.टी.ची वाट पाहत थांब्यावर उभे होतो. अण्णा समोरून गेले. त्यांनी आमच्याकडे पाहिले की नाही, आठवत नाही. वळणापाशी ते उजवीकडे वळले. मागून महामार्गाकडे निघालेला टेम्पो आला. टेम्पो वेगात होता का? आम्हांला तेव्हा सांगता आले नसते, आजही येणार नाही. अण्णांनी मागे वळून पाहिले नाही आणि हातही दाखवला नाही, एवढे मात्र आम्ही स्पष्ट पाहिले. ते त्याच दिवशी दुपारी गेले. वय ४७.

*

यापुढे जे झाले ते कळण्यासाठी थोडा कायदा सांगणे भाग आहे. वाचकांनी कंटाळू नये. या कायद्याच्या कलमांत एक नैतिक वाद दडलेला आहे आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्याला परका नाही.

रस्त्यावर माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर भरपाई कशाच्या आधारे द्यायची? एक उत्तर असे, की दोष कोणाचा ते आधी ठरवा. ज्याचा दोष, त्याने – म्हणजे त्याच्या विमा कंपनीने – द्यावे. दुसरे उत्तर असे, की नुकसान झाले आहे एवढे पुरे. दोषाची चौकशी न करता द्यावे. पहिले दोषाधारित, दुसरे दोषनिरपेक्ष. आपला १९३९ चा मोटार वाहन कायदा पहिल्या वळणाचा होता. एका दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने असे म्हणून पाहिले, की वाहनमालकाची जबाबदारी निष्काळजीपणा सिद्ध होण्यावर अवलंबून नाही. पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मत अमान्य केले : निष्काळजीपणा सिद्ध झालाच पाहिजे, दुसरे काही हवे असेल तर तसा कायदा करा. दोनच वर्षांनी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, अपघात-भरपाईचा विचार दोषनिरपेक्षतेच्या दिशेने जायला हवा असे सुचवले. १९८२ साली कायदा थोडा वाकला. दोष कोणाचाही असो, मृत्यूला १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार मिळतील, असे नवे कलम आले. १९८८ च्या नव्या कायद्यात हे आकडे २५ आणि १२ हजार झाले. १९९४ मध्ये ५० आणि २५ हजार.

या लहानशा रकमेसाठीही माणसांना कुठवर जावे लागले, याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बंगळूर महामार्गावर, सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याकडेला उलटला, पेट्रोल वाहू लागले. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला आणि भोवती जमलेले काही लोक भाजून मेले. त्यांतल्या एकाच्या आईने दोषनिरपेक्ष कलमाखालचे १५ हजार मागितले. न्यायाधिकरणाने ते नाकारले : टक्कर तीनला झाली, आग चार तासांनी लागली, लोक पेट्रोल नेण्याच्या प्रयत्नात होते, हा वेगळाच अपघात. उच्च न्यायालयाने त्या बाईला पैसे दिले, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. उलटून पडलेला टँकरही 'वापरात' असतो, आणि त्यातून उद्भवलेली आग ही वाहनाच्या वापरातूनच उद्भवलेली असते, असे न्यायालयाने सांगितले. दोष विचारायचा नाही असे कायद्याने म्हटल्यावरही दोष मागच्या दाराने कसा येतो, हे त्या खटल्यात दिसते. मेलेला माणूस तेथे काय करत होता, हा प्रश्न कोणाला ना कोणाला पडतोच.

*

आम्हांला आमचे ५० हजार आठ महिन्यांनी मिळाले. कोणी काही विचारले नाही. मृत्यूचा दाखला, पंचनामा, टेम्पोच्या विम्याचा कागद, एवढ्यावर काम झाले. त्या पैशांतून धाकट्या बहिणीची शाळा आणि आमचे कॉलेज चालू राहिले.

उरलेल्या भरपाईसाठी वकिलांनी आमच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात एक तक्ता आला होता. मृताचे वय आणि उत्पन्न त्यात घालायचे, एक तृतीयांश त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी वजा करायचे, की रक्कम मिळते. दोष सिद्ध करावा लागत नाही. मात्र हा तक्ता वर्षाला ४० हजारांपर्यंत मिळवणाऱ्यांसाठीच होता. अण्णा ओव्हरटाइम धरून महिन्याला ४२०० मिळवत, म्हणजे वर्षाला ५०,४००. वकिलांनी फायलीच्या पाठीवर हिशेब मांडला. उत्पन्न ४० हजार दाखवले तर तक्त्याप्रमाणे सुमारे ३ लाख ४६ हजार. खरे उत्पन्न दाखवून दोषाच्या वाटेने गेलो तर ४ लाख ३६ हजार ८००. "पण त्यात एक धोका आहे," ते म्हणाले. "सायकलवाल्याचाही दोष होता असं ठरलं, तर निम्मे जातील. तुमच्या वडिलांनी हात दाखवला होता ना?"

पहिली वाट आईने नाकारली. अण्णांनी अंगातून रक्त आटवून मिळवलेला पैसा आपण कमी करून सांगायचा नाही, एवढेच ती म्हणाली. तेव्हा आम्हांला तिचा अभिमान वाटला होता. आज वाटते, अण्णांच्या कमाईबद्दल खोटे बोलायचे, की त्यांच्या चुकीबद्दल, एवढीच निवड कायद्याने आमच्यापुढे ठेवली होती. दोन्ही खरे सांगून पुरी भरपाई मिळेल अशी वाट नव्हती.

साक्षीच्या दिवशी कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत तोच प्रश्न विचारला. हात दाखवला होता का?

आम्ही 'हो' म्हणालो.

त्या एका अक्षराची किंमत २ लाख १८ हजार ४०० रुपये होती. निम्मे जाण्याचा धोका वकिलांनी सांगितला तेव्हाच आम्ही भागाकार करून ठेवला होता, म्हणून हा आकडा आजही तोंडपाठ आहे. टेम्पोच्या चालकाचीही साक्ष झाली. पंचविशीतला, मराठवाड्यातून आलेला मुलगा. तो म्हणाला, सायकलवाले अचानक वळले, त्यांनी मागे पाहिले नाही. तो खरे बोलत होता. निकालात मात्र त्याची साक्ष स्वतःच्या बचावासाठी दिलेली म्हणून बाजूला ठेवली गेली आणि मृताच्या मुलाने, प्रत्यक्षदर्शीने दिलेली साक्ष विश्वासार्ह मानली गेली. आम्हांला पूर्ण रक्कम व्याजासह मिळाली. फौजदारी खटल्यात आम्हांला कोणी बोलावले नाही. त्यात तो सुटला, असे पुढे कानावर आले.

आता व्हरांड्यातली गोष्ट. साक्षी संपल्यावर तो मुलगा आईसमोर येऊन उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "काकू, मी तेव्हाच येत होतो तुमच्याकडं. मालक म्हणाले, जायचं नाही, केस बिघडंल." एवढ्यात त्याच्या वकिलांनी त्याला दंडाला धरून बाजूला नेले. आई काही बोलली नाही. मालक कठोर असेल, असे आम्ही तेव्हा धरून चाललो. परवा पॉलिसीतली अट वाचली तेव्हा कळले, की मालक फक्त करार पाळत होता.

*

वर्गात रामायण शिकवताना आम्ही अयोध्याकांडातील दशरथाच्या कबुलीपाशी नेहमी रेंगाळतो. शरयूच्या काठी अंधारात घडा बुडण्याचा आवाज येतो, हत्ती पाणी पीत आहे असे समजून तरुण दशरथ बाण सोडतो, आणि तो एका तपस्व्याच्या मुलाला लागतो. लोककथेने पुढे त्याला श्रावणबाळ म्हटले. आजच्या भाषेत हा अपघातच. हेतू नाही, निष्काळजीपणा मात्र आहे. दशरथ पुढे काय करतो? घडा भरून घेतो आणि आंधळ्या आईबापांकडे स्वतः जातो, हे मी केले म्हणून सांगतो. वाल्मीकींचा वृद्ध तपस्वी त्याला शाप देण्यापूर्वी एक गोष्ट बोलतो : तू स्वतः येऊन सांगितले नसतेस तर तुझ्या मस्तकाची शकले झाली असती. कबुलीने शिक्षा टळत नाही, पण सौम्य होते.

आपल्या दोषाधारित विम्याने हा हिशेब उलटा केला आहे. येथे कबुली दिली तर नुकसान वाढते. म्हणून पाण्याचा घडा घेऊन निघालेल्या माणसाला वाटेतच थांबवावे लागते, आणि दुसऱ्या बाजूच्या मुलाला, बापाची चूक झाली असेल हे मनातसुद्धा आणू नकोस, असे शिकवावे लागते. अशा खटल्यांत माणसे वाईट असतात म्हणून खोटी बोलत नाहीत. मेलेल्याच्या घरातली भाकरी दोषाच्या निवाड्याला बांधली, की सत्य परवडत नाही.

याविरुद्ध जे म्हटले जाते त्यात तथ्य नाही असे नाही. दोष विचारायचाच नसेल तर गाडी जपून कोण चालवील, हा पहिला आक्षेप. पण दोषाधारित पद्धतीतही पैसे चालक भरत नाही, कंपनी भरते. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याचा हप्ता गाडीच्या इंजिनाच्या क्षमतेवर किंवा वजनावर ठरतो. चालकाने आधी किती अपघात केले यावर नाही. न मागितलेल्या दाव्यांबद्दलची सवलत मिळते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. तेव्हा दोष ठरवल्याने धडा मिळतो, तो निदान खिशातून मिळत नाही. धडा द्यायचा तर परवाना आहे, फौजदारी कायदा आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. दोषनिरपेक्ष रक्कम सर्वांना सारखी आणि बेताची असते. २०१९ च्या दुरुस्तीने आणि १ एप्रिल २०२२ पासून झालेल्या अंमलाने जुनी दोषनिरपेक्ष कलमे आणि तो तक्ता गेला. आता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, दोष सिद्ध न करता. मात्र तडजोडीच्या रीतीने ही रक्कम स्वीकारली की दोषाधारित दावा संपुष्टात येतो. तरुण, मिळवत्या माणसाच्या घराला दोषाच्या वाटेने याच्या कितीतरी पट मिळू शकते. म्हणजे निवड पुन्हा आहेच : थोडे, लवकर आणि खरे, किंवा पुष्कळ, उशिरा आणि साक्षीपुराव्याच्या भरवशावर. जगातही या प्रश्नाचे एकच उत्तर निघालेले नाही. न्यूझीलंडने १ एप्रिल १९७४ पासून अपघाती इजेच्या भरपाईसाठी खटला भरण्याचा हक्कच काढून घेतला आणि सर्वांसाठी एक निधी उभारला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १९७१ मध्ये दोषनिरपेक्ष विमा आणला. कोलोराडोने तो स्वीकारून २००३ मध्ये सोडून दिला. आणि खुद्द आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले, की त्या तक्त्याच्या दाव्यातही कंपनी मृताचा निष्काळजीपणा पुढे आणू शकते. ते मत खोडायला २०१७ उजाडले.

गोखिवऱ्याच्या माणसाला मात्र या वादाचे दुसरे टोकही घराजवळच पाहायला मिळते. आमच्या शेजारचा एक मुलगा वसई-चर्चगेट लोकलच्या दारातून पडून गेला. गर्दीत तो दारात का उभा राहिला, हे रेल्वे दावा न्यायाधिकरणात निर्णायक ठरले नाही. १९९४ पासून रेल्वे कायद्यात कलम आहे : तिकीटधारक प्रवासी गाडीतून पडला तर, आत्महत्या, नशा, स्वतःचा गुन्हा असे काही अपवाद सोडता, भरपाई द्यायची, चूक कोणाची हे पाहायचे नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम तसेच वाचले. २०१७ पासून ती रक्कम ८ लाख आहे. त्या मुलाच्या वडिलांनी एकदा आम्हांला सांगितले, "तो लटकायचा. मी शंभरदा बोललो होतो." ते हे सहज बोलून गेले. त्यांना तसे बोलता येत होते, कारण त्या बोलण्याने त्यांचे काही जाणार नव्हते. आम्हांला त्यांचा हेवा वाटला, हे लिहिताना संकोच वाटतो, पण वाटला.

दोषनिरपेक्ष भरपाईची आमच्या दृष्टीने खरी बाजू ही आहे. तिने दोष नाहीसा होत नाही. तो न्यायाधिकरणातून घरी परत येतो, आणि घरात त्याच्याबद्दल खरे बोलता येते. रक्कम अपुरी असेल तर ती वाढवण्यासाठी भांडावे. खरे बोलण्याची किंमत अनाथांकडून वसूल करू नये.

*

आई आता ७० च्या पुढे आहे. गाळ्यांच्या त्या वळणावरून रिक्षाने जाताना ती पूर्वी डोळे मिटून घेई. आता घेत नाही. पॉलिसीतली अट आम्ही तिला वाचून दाखवली. तिने दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "म्हणून आला नाही होय तो."

थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, आमच्याकडे न पाहता ती म्हणाली, "तुझे अण्णा वळताना कधी मागं बघायचे नाहीत. मी रोज सांगायची."

पिंजऱ्यात आम्ही 'हो' म्हणालो तेव्हा ती मागच्या बाकावर बसलेली होती. इतकी वर्षे तिने आम्हांला काही विचारले नाही, आणि आम्हीही कधी विषय काढला नाही. त्या पैशांतच आमचे एम.ए. झाले, बहिणीचे लग्न झाले.

"नाही दाखवला होता हात," आम्ही म्हणालो.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि निवडलेली भाजी घेऊन आत गेली.

त्या मुलाचे नाव निकालपत्रात आहे. निकालपत्र आमच्या कपाटात आहे. तो आता पन्नाशीला आला असेल. पत्ता जुना असला तरी त्यावर एक पत्र टाकून पाहावे, असे मनात आहे. आमच्या पत्राला मात्र कोणाच्या लेखी संमतीची गरज नाही.